नाल्को विकू नका, पण कोरापुटला भागीदार करा

नाल्को ही सरकारी अ‍ॅल्युमिनियम कंपनी विकायची की नाही हा वाद दर काही वर्षांनी निघतो आणि दरवेळी आपण तेच दोन गट पाडून बसतो. एक म्हणतो धंदा करणं हे सरकारचं काम नाही, विकून मोकळे व्हा, दुसरा म्हणतो देशाची संपत्ती आहे, हात लावायचा नाही. मी दुसऱ्या गटातला आहे आणि राहणार. पण आमच्या गटाने एक प्रश्न कधी नीट विचारलेलाच नाही, की मालकी सरकारची म्हणजे नक्की कुणाची? दिल्लीतल्या खाण मंत्रालयाची, की ज्या डोंगरातून हे सगळं निघतं त्या डोंगराखाली पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांची?

मी चाकणला डायकास्टिंगच्या, म्हणजे वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतून सुटे भाग बनवायच्या धंद्यात आहे. एलएमईचा, म्हणजे लंडनच्या धातूबाजाराचा भाव बघितल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नाही. आमच्याकडे लागणारा अलॉय बहुतेक स्क्रॅपपासून बनतो, पण त्याचाही भाव शेवटी प्राइमरी मेटलकडे, म्हणजे खनिजापासून काढलेल्या नव्या धातूकडे बघूनच ठरतो, नाल्कोने रेट बदलला की संध्याकाळपर्यंत सप्लायरचा फोन आलाच म्हणून समजा. म्हणजे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे, आणि म्हणूनच मला असं वाटतं की जे लोक हा धातू वापरतात, विकतात, त्याच्यावर घर चालवतात, त्यांनी तरी त्याचा मूळ डोंगर कुठे आहे आणि तिथे काय चाललंय हे माहीत करून घ्यायला हवं.

तर आधी कंपनी काय आहे ते. नॅशनल अ‍ॅल्युमिनियम कंपनी, ७ जानेवारी १९८१ ची स्थापना, भुवनेश्वरला हेड ऑफिस, तंत्रज्ञान फ्रान्सच्या पेशिनेचं. खाण, रिफायनरी, वीज, स्मेल्टर सगळं स्वतःचं. ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात पंचपटमाली नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे, आपल्याकडच्या सड्यासारखाच, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. वरची माती बाजूला काढली की खाली बॉक्साइटचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजाचा जाड थर लागतो. तो खणून, फोडून, एका सलग बेल्टवर टाकला जातो, १४.६ किलोमीटर लांबीचा केबल बेल्ट, वळणं घेत डोंगरावरून खाली दामनजोडीच्या रिफायनरीपर्यंत येतो, ताशी १,८०० टन माल, मध्ये कुठेही ट्रक नाही. रिफायनरीत कॉस्टिक सोड्यात बॉक्साइट शिजवून अ‍ॅल्युमिना काढतात, पांढरी भुकटी, ती रेल्वेने एकतर अंगुलच्या स्मेल्टरला जाते किंवा विशाखापट्टणमच्या बंदरातून थेट परदेशी. अंगुलला कंपनीचं स्वतःचं १,२०० मेगावॉटचं पॉवर स्टेशन आहे, कारण अ‍ॅल्युमिनियम म्हणजे जवळजवळ गोठवलेली वीजच, एक टन धातूला चौदा हजार युनिटच्या आसपास लागतात.

स्मेल्टरचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथे ९६० पॉट आहेत, म्हणजे विजेने अ‍ॅल्युमिनापासून धातू काढायच्या टाक्या, रांगेने जोडलेल्या, प्रत्येकातून एक लाख ८० हजार अँपिअर करंट जातो आणि आतलं वितळलेलं क्रायोलाइट (त्यातच अ‍ॅल्युमिना विरघळतो) साधारण ९६० डिग्रीवर ठेवावं लागतं. व्होल्टेज मात्र चार-साडेचारच. कार्बनचे अ‍ॅनोड जळत राहतात आणि तळाला धातू साचत राहतो, तो ठराविक वेळाने ओढून घ्यायचा. वीज चार-पाच तास गेली तर पॉटमधला रस घट्ट होतो आणि ती लाइन परत चालू करायला महिनोन्‌महिने आणि कोट्यवधी रुपये जातात. म्हणूनच जगात जिथे जिथे अ‍ॅल्युमिनियम स्वस्त बनतं तिथे एकतर मोठं धरण असतं नाहीतर कोळसा दाराशी असतो. अंगुलला तालचेरचा कोळसा दाराशी आहे. आणि खाण डोंगरावर, रिफायनरी पायथ्याशी, म्हणून नाल्कोचा अ‍ॅल्युमिना जगातल्या सगळ्यात कमी खर्चात बनणाऱ्या अ‍ॅल्युमिनांपैकी एक आहे. हे मॅनेजमेंटचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त ते त्या डोंगराचं देणं आहे, आणि माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो.

कारण या देण्याचा हिशेब लावला की चित्र विचित्र दिसतं. बॉक्साइटवरची रॉयल्टी आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या लंडनच्या भावाच्या ०.६० टक्के आहे, तीसुद्धा दगडात जेवढा धातू असेल तेवढ्यावरच. लोखंडाच्या खनिजावर १५ टक्के असते (त्याचा बेस वेगळा आहे, खनिजाच्या भावावर असते, त्यामुळे सरळ तुलना होत नाही हे मला कळतं). तरी आकडा मांडून बघू. धातूचा भाव टनाला २,५०० डॉलर धरा, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. एवढा धातू मिळायला पाच-सहा टन बॉक्साइट खणावं लागतं आणि त्या सगळ्यावर राज्याला मिळणारी रॉयल्टी होते साधारण दीड हजार रुपये! त्याच्या ३० टक्के जुन्या लीजसाठी जिल्हा खनिज निधीत जातात, म्हणजे साडेचारशे रुपये. दोन लाखांच्या मालातले साडेचारशे रुपये ज्या जिल्ह्यातून डोंगर निघाला त्या जिल्ह्याचे, आणि तेही लोकांच्या हातात नाही, कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, ज्यात गावाने काय मागितलं त्यापेक्षा कुठली इमारत बांधायची हे वरून ठरतं असा बहुतेक खाणजिल्ह्यांचा अनुभव आहे.

आता दुसरी बाजू बघा. २०२४-२५ मध्ये नाल्कोचा नफा ५,२०० कोटींच्या वर गेला. शेअरमागे साडेदहा रुपये डिव्हिडंड दिला गेला, एकूण १,९०० कोटींच्या वर. केंद्र सरकारकडे ५१.२८ टक्के शेअर आहेत म्हणजे हजार कोटींच्या आसपास दिल्लीला गेले आणि उरलेले म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड आणि तुमच्या-माझ्यासारखे किरकोळ गुंतवणूकदार यांच्याकडे. माझ्या ओळखीत पुण्यात, नाशकात नाल्कोचा शेअर धरून बसलेले कितीतरी जण आहेत, डिव्हिडंड चांगला देते म्हणून, आणि त्यात काही गैर नाही. पण पंचपटमालीच्या खाली राहणारा परजा किंवा कोंध आदिवासी माणूस मात्र या यादीत कुठेच नाही.

विकू नका विकू नका म्हणताना आपल्या एका गोष्टीकडे लक्षच गेलं नाही. २०१२ साली सरकारकडे या कंपनीचे ८७ टक्के शेअर होते. आज ५१. मधल्या काळात कुठला मोठा मोर्चा नाही, संसदेत गोंधळ नाही, ऑफर फॉर सेल (बाजारात थेट शेअरविक्री), बायबॅक (कंपनीनेच शेअर परत विकत घेणं), ईटीएफ (सरकारी शेअरचा फंड) अशा मार्गांनी ३६ टक्के मालकी सरकारच्या हातातून गेली. २००२-०३ मध्ये कंपनीचा ताबा खाजगी हातात द्यायला निघाले होते तेव्हा ओडिशा पेटला होता, कामगार आणि राज्यातले सगळे पक्ष विरोधात उभे राहिले आणि ते थांबलं. २००६ मध्ये फक्त १० टक्के विकायचे होते, तेव्हा नेयवेली लिग्नाइट या तमिळनाडूतल्या सरकारी कंपनीच्या विक्रीवरून द्रमुकने मनमोहनसिंग सरकारला इशारा दिला आणि नेयवेलीबरोबर नाल्कोचीही विक्री थांबली. म्हणजे आपण समोरचा दरवाजा राखत बसलो आणि मागच्या दाराने एक तृतीयांशाहून जास्त माल गेला. तो गेला याचंही मला तितकं दुःख नाही. दुःख याचं आहे की जे ३६ टक्के सुटत होते त्यातला एक टक्का कोरापुट आणि अंगुलच्या ग्रामसभांच्या नावावर करावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. विकणाऱ्यांच्या नाही, आणि विरोध करणाऱ्यांच्याही नाही.

यावर लगेच उत्तर येतं की नाल्कोने त्यांना नोकऱ्या दिल्या, कॉलनी दिली, शाळा दिली, दवाखाना दिला. हे खरं आहे आणि ते नाकारणं अन्यायाचं होईल. दामनजोडीत विस्थापित झालेल्या कुटुंबांपैकी बऱ्याच घरांतल्या एकेका माणसाला कंपनीत कायमची नोकरी मिळाली, त्या काळच्या इतर प्रकल्पांच्या मानाने हे पुष्कळ होतं, आणि अजूनही कंपनी आदिवासी मुलांना निवासी शाळांत शिकवायचा खर्च करते. पण एका माणसाची नोकरी त्याच्याबरोबर रिटायर होते. जमीन तशी रिटायर होत नाही, ती मुलाला जाते, नातवाला जाते. १९८० च्या दशकात ज्याने जमीन दिली त्याचा मुलगा आज चाळिशीचा आहे आणि त्याच्याकडे जमीनही नाही आणि नोकरीही नाही, तो ठेकेदाराकडे रोजंदारीवर असेल तर नशीब. जमिनीच्या बदल्यात पगार हा सौदाच मुळात चुकीचा होता, जमिनीच्या बदल्यात मालकी हवी होती.

आणि हे लोकांना कळत नाही असं समजू नका. काशीपूरला उत्कल अ‍ॅल्युमिनाचा प्रकल्प आला तेव्हा लोक का भडकले? दामनजोडी तिथून फार लांब नाही, तिथल्या विस्थापितांचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १६ डिसेंबर २००० ला मैकांच गावात पोलिसांनी गोळीबार केला, तीन आदिवासी मेले, नॉर्वेची हायड्रो कंपनी त्यानंतर प्रकल्पातून बाहेर पडली, शेवटी तो हिंदाल्कोकडे आला आणि चालू झाला. नियमगिरीचं तर सगळ्यांना माहीत आहे, वेदांताने आधी लांजीगडला डोंगराच्या पायथ्याशी रिफायनरी बांधून टाकली, खाणीची परवानगी मिळेलच या भरवशावर, आणि १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. १२ गावांत सभा झाल्या, १२ च्या १२ गावांनी नाही म्हटलं. डोंगरिया कोंध लोकांचा देव तिथे आहे, त्यामुळे त्यांनी कितीही भागीदारी दिली तरी नाहीच म्हटलं असतं आणि तो त्यांचा पूर्ण हक्क आहे. मी जे मांडतोय ते ‘पैसे देऊन होकार मिळवा’ असं कुणी वाचू नये. जिथे लोक नाही म्हणतात तिथे विषय संपला. पण जिथे खाण चाळीस वर्षं चालूच आहे, डोंगर अर्धा उघडा झालेलाच आहे, तिथे तरी लोकांना मालक करायला काय हरकत आहे?

कायद्यात हे नवीन नाही. १९९७ च्या समता खटल्यात, आंध्रच्या बोर्रा भागातल्या खाणींवरून, सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की अनुसूचित क्षेत्रात आदिवासींच्या विकासासाठी निव्वळ नफ्याचे किमान २० टक्के कायमच्या निधीत बाजूला ठेवावेत. वेदांताच्या बाबतीत २००८ मध्ये कोर्टाने दरवर्षी करपूर्व नफ्याचे ५ टक्के किंवा १० कोटी, जे जास्त असेल ते, स्थानिक विकासाला द्यायची अट घातली होती. २०१० च्या सुमारास खाण कायद्याच्या मसुद्यात बाधित लोकांना २६ टक्के वाटा द्यायचा प्रस्ताव होता, कंपन्यांनी आरडाओरडा केला, तो पातळ होत होत २०११ च्या विधेयकात आला आणि ते विधेयकही लोकसभेबरोबर संपलं. २०१५ मध्ये आला तो जिल्हा खनिज निधी. म्हणजे २६ टक्के मालकीपासून निघालेली गाडी रॉयल्टीच्या ३० टक्क्यांवर येऊन थांबली, आणि बॉक्साइटच्या बाबतीत ती रॉयल्टीच एवढीशी.

आपल्याकडे गडचिरोलीत लॉइड्स मेटल्सने कामगारांना शेअर दिले, १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते कोनसरीला वाटप झालं. त्यांच्या सुरजागडच्या लोहखाणीबद्दल माझे आक्षेप बरेच आहेत आणि शेअर कामगाराला दिले, ग्रामसभेला नाही, हा फरकही मोठा आहे, कामगार सोडून गेला की शेअर त्याच्याबरोबर गेला. पण एक खाजगी कंपनी एवढं तरी करू शकते आणि नवरत्न सरकारी कंपनी त्याचा विचारही करत नाही, हे कसं काय? सरकारी मालकीचा आग्रह धरणाऱ्या आम्हा लोकांना याचं उत्तर द्यावं लागेल.

माझं म्हणणं सरळ आहे. केंद्राने आपल्या ५१ टक्क्यांतला एक शेअरही विकू नये, पण नवीन शेअर काढून किंवा बाजारातून घेऊन १० टक्के मालकी कोरापुट आणि अंगुलच्या बाधित ग्रामसभांच्या एका ट्रस्टकडे द्यावी, जी कधी विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. नवीन शेअर काढले तर केंद्राचा हिस्सा ५० च्या खाली जाईल म्हणून बाजारातून घेणं जास्त बरं, खर्च येईल, पण ज्या कंपनीने बायबॅकवर हजारो कोटी घालवले तिला हे टप्प्याटप्प्याने अशक्य नाही. २०२४-२५ च्या डिव्हिडंडवर हिशेब केला तर १० टक्क्यांचे १९० कोटी होतात. एका वर्षाचे. आणि ते कुणाच्या मेहरबानीचे नाहीत, सीएसआरच्या फोटोचे नाहीत, मालक म्हणून हक्काचे.

लोक पैसा उडवतील, दारूत घालवतील, पुढारी खातील असं म्हणणारे भेटतात. हे वाक्य मी सुशिक्षित लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. आपल्याकडे मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा हक्क मिळवला, हिशेब गावासमोर ठेवले, कुणी उडवले नाहीत. गडचिरोलीतल्या किती तरी ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात. चुका होतात, काही ठिकाणी ठेकेदाराने फसवलं, पण त्या चुका खनिज निधीच्या सरकारी कारभारापेक्षा मोठ्या नक्कीच नाहीत. कोरापुट पूर्ण अनुसूचित जिल्हा आहे, पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा १९९६ पासून लागू आहे, ग्रामसभा हा कागदावर तरी अधिकार असलेला घटक आहे, फक्त त्याच्या हातात कधी काही दिलेलं नाही.

पैशापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती बोर्डावरची खुर्ची. सध्या नाल्कोच्या संचालक मंडळावर आयएएस अधिकारी असतात, कंपनीचे डायरेक्टर असतात, स्वतंत्र संचालक म्हणून सरकारने नेमलेले लोक असतात. त्यांच्यापैकी कुणाची गाय अंगुलच्या स्मेल्टरजवळचं गवत खात नाही. फ्लोराइडने गुरांचे दात झिजतात, सांधे आखडतात, लंगडत चालतात, आसपासच्या गावांतली ही तक्रार वर्षानुवर्षं आहे. राखेचे तलाव आहेत, दामनजोडीला रेड मडचा तलाव आहे, एक टन अ‍ॅल्युमिनामागे टन-सव्वा टन लाल गाळ निघतो, कॉस्टिक असलेला, तो कुठे जाणार? हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० ला असाच बांध फुटला आणि दहा माणसं मेली. आपल्याकडे झारखंडात मुरीला एप्रिल २०१९ मध्ये हिंदाल्कोचा रेड मडचा ढीग कोसळला. दामनजोडीच्या खालच्या गावातली एखादी बाई बोर्डावर बसली तर पहिल्या मीटिंगला विचारेल की आमच्या बांधाची तपासणी कुणी केली, रिपोर्ट दाखवा. आजवर हा प्रश्न बाहेर गेटवर विचारला जातो आणि तिथे त्याचं उत्तर द्यायला सिक्युरिटी असते.

पाण्याचंही तेच. बॉक्साइटचा थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि डोंगराच्या कुशीतून बारा महिने झरे वाहतात, आपल्याकडे राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या तिथल्या लोकांना विचारा, ते हेच सांगतील. नाल्को म्हणते आम्ही कडेला बांध सोडतो, माती परत पसरतो, झाडं लावतो. झाडं लावली आहेत, मोठ्या संख्येने लावली आहेत. पण झरा वाहतो की नाही हे झाडांच्या संख्येवरून कळत नाही, झऱ्यावर जाणाऱ्या माणसाला कळतं, आणि त्याचं म्हणणं नोंदवायची जागा कंपनीत नाही.

महाराष्ट्राला या धंद्यापासून लांब उभं राहून बोलता येईल असं नाही. भारत अ‍ॅल्युमिनियम ही सरकारी कंपनी १९६५ ला निघाली तेव्हा एक कारखाना आताच्या छत्तीसगडातल्या कोरब्याला आणि दुसरा कोयनेच्या विजेवर आपल्या कोकणात रत्नागिरीला व्हायचा होता, जमिनीही घेतल्या गेल्या, कारखाना झालाच नाही. कोरबा झाला, आणि २००१ मध्ये त्याचे ५१ टक्के शेअर ५५१.५० कोटींना स्टरलाइट या खाजगी कंपनीला दिले गेले, कामगारांनी ६७ दिवस संप केला, सुप्रीम कोर्टाने विक्री कायम ठेवली. तेव्हाही वाद किंमत किती यावर झाला. किंमत कमी लावली, जास्त लावली, यावर रकाने भरले. याच कंपनीच्या, छत्तीसगडातल्या मैनपाटच्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीशेजारचे लोक त्या वादात कुठे होते हे मला जुनी वर्तमानपत्रं चाळूनही सापडलं नाही.

आता नाल्को रिफायनरीची पाचवी लाइन उभी करतेय, आणखी १० लाख टनांची, आणि तिच्यासाठी कोरापुट जिल्ह्यातच पोट्टांगीची नवीन खाण लागणार आहे. २०२६ पासून युरोप बाहेरून येणाऱ्या मालाच्या कार्बनवर शुल्क लावतोय, आपलं अ‍ॅल्युमिनियम त्यात महाग पडणार, म्हणजे खर्च कमी करायचा दबाव वाढणार आणि तो दबाव सगळ्यात आधी डोंगराखालच्या माणसावरच येतो, मोबदल्यात, पुनर्वसनात, गाळाच्या बांधावर. म्हणून हे आत्ताच व्हायला हवं. पोट्टांगीच्या ग्रामसभांना आधी मोकळेपणाने नाही म्हणायची संधी द्या, पोलीस बंदोबस्त न लावता, आणि जर त्यांनी हो म्हटलं तर पहिला डंपर चढायच्या आधी शेअरचे कागद त्यांच्या हातात द्या, पंचपटमालीच्या गावांचे चाळीस वर्षं थकलेले कागद त्याच दिवशी.